कपाटातली जोडी

कारखान्यात तिला सगळे 'कान' म्हणायचे. तोंडावर नाही, पण फार लपूनछपूनही नाही. "हे कानाकडे पाठव", "कान अजून आला नाही का" असं सर्रास चालायचं, आणि तिला त्याचा राग यायचा नाही. उलट आतून ती जरा सुखावायचीच. चाळीस माणसांच्या त्या कारखान्यात हात सगळ्यांनाच होते. कान म्हणून ओळखली जाणारी ती एकटी.

घरी मात्र ती थोरली. घरात माणसं चार. ती, लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा आणि आठवड्यातून दोन दिवस फक्त झोपायला घरी येणारा तिचा नवरा, धाकटा दीर आणि धाकटी जाऊ. चौघांपैकी तिघं त्या आठवड्यात घरात होती आणि तिघांच्याही तोंडाला कुलूप होतं. कारण असं, की धाकटा त्याच कारखान्यात सुतार होता आणि त्याने केलेले खोके थोरलीच्या खोलीतून गेले तीन आठवडे नापास होऊन परत येत होते.

कारखाना छोट्या स्पीकरचा. पुस्तकांच्या फळीवर, चार पुस्तकं बाजूला सारून ठेवता येतील एवढे. धाकटा खोका बांधायचा, दुसरी माणसं त्यात कागदी पडदा, तारा, चुंबक बसवायची, आणि शेवटी जोडी थोरलीच्या खोलीत यायची. तिथे भिंतींना जाड गाद्या मारल्या होत्या आणि एकच खुर्ची होती, तीही जमिनीला स्क्रूने आवळलेली, कुणी इंचभरही हलवू नये म्हणून. समोर काळा पडदा. पडद्याआड टेबलावर दोन जोड्या ठेवायच्या आणि एका बटनाने आलटून पालटून ऐकायच्या. एक जोडी नवी. दुसरी नमुन्याची.

नमुन्याची जोडी म्हणजे त्या कारखान्याचं सर्वस्व. अकरा वर्षांपूर्वी जे पहिले खोके उत्तम जमले त्यातली ती. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात तिचा मुक्काम, आणि कपाटाची किल्ली थोरलीच्या पर्समध्ये. नव्या जोडीचा आवाज नमुन्यासारखा आला तर पास, नाही आला तर परत. इतका सरळ कायदा. मालकाला स्वतःला दोन्ही सारखेच ऐकू यायचे, म्हणून तर त्याने कान पगारावर ठेवला होता.

थोरली त्या जोडीला जपायची म्हणजे किती जपायची! दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. दर शनिवारी काम संपलं की फडक्याने पुसायची. पूर्वी कोरड्या फडक्याने पुसायची. गेले आठ महिने तिने स्वतः निवडून आणलेलं लाकडाचं पॉलिश फडक्यावर घेऊन पुसायची. खोका, कडा, आतल्या कागदी पडद्याभोवतीची रबराची गोल कड, सगळं चकाकेपर्यंत. घरातल्या आरशालाही तिने कधी इतका वेळ दिला नव्हता.

पाच महिन्यांपूर्वी तिला पहिल्यांदा वाटलं, की नव्या जोड्यांचा आवाज कोरडा येतोय. खालचा सूर भरत नाही. ती धाकट्याकडे गेली आणि म्हणाली, "भावजी, खोक्याला आतून जी आडवी पट्टी मारता ना, ती काढून बघा." धाकट्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. आडवी पट्टी म्हणजे खोक्याचा कणा. ती असली की फळ्या थरथरत नाहीत. पण कानाने सांगितलं म्हटल्यावर त्याने पट्टी काढली. आवाज नमुन्याच्या जवळ आला. जोड्या पास झाल्या, पेट्यांत भरून गेल्या. एका दुकानदाराने पाच जोड्या परत पाठवल्या, 'आवाज घुमतो' म्हणून. थोरलीने त्या ऐकल्या, नमुन्याशी ताडून पाहिल्या आणि कागदावर लिहिलं, 'दोष दुकानाच्या खोलीचा.'

मग महिन्याभरापूर्वी तेही पुरेना. पुन्हा कोरडेपणा. ती पुन्हा धाकट्याकडे गेली. "फळीच जरा पातळ घेऊन बघा."

या वेळी धाकट्याने हातातला रंधा खाली ठेवला. तो बोलायला मुळात कंजूष. दिवसाला दहा वाक्यं म्हणजे त्याच्या मानाने भाषण. "नाही वहिनी," तो म्हणाला. "आता बास. याच्या पुढे गेलं तर तो स्पीकर राहणार नाही, पत्र्याचा डबा होईल. मी पट्टी परत मारणार आहे. नापास करायचं तर करा."

आणि तिने केलं. काय करणार? पडद्याआडून जे ऐकू येतं ते खोटं कसं म्हणायचं? तीन आठवडे, तीन खेपा, प्रत्येक जोडीच्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात तेच: 'कोरडा. पोट नाही.' शेवटी मालकाने दोघांना बोलावून सांगितलं, की शनिवारची खेप शेवटची. तीही परत आली तर खोके बाहेरच्या कारखान्यातून घ्यायचे आणि सुतारखातं बंद. सुतारखात्यात माणूस एकच होता. त्याचं वय पंचेचाळीस, आणि खोके बांधण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं.

तेव्हापासून थोरलीच्या जिवाला चैन नव्हतं. खुर्चीत बसली की पाय हलायचा. जेवताना घास तोंडात घोळायचा. एकदा वाटायचं, द्यावी एक खेप पास करून, कुणाला कळणार आहे? लगेच स्वतःचीच चीड यायची, कारण कळणारं माणूस त्या इमारतीत एकच होतं आणि ते ती स्वतः होती. धाकटी तिच्याशी बोलेनाशी झाली होती. एकाच ओट्यावर दोघी उभ्या, एक चिरतेय, एक ढवळतेय, आणि 'मीठ दे' एवढंसुद्धा नाही. थोरलीने हात लांब करून स्वतः घ्यायचं.

त्यात धाकट्याने घरी नवीनच छळ मांडला होता.

बाहेरच्या खोलीत फळीवर स्पीकरची एक जुनी जोडी होती. अकरा वर्षांपूर्वी, नमुना ज्या आठवड्यात तयार झाला त्याच आठवड्यात, त्याच लाकडातून, धाकट्याने ती बांधली होती. नेताना हातातून निसटली, एका खोक्याचा कोपरा उडाला, विकण्याजोगी राहिली नाही, म्हणून मालकाने त्यालाच देऊन टाकली. वर्षानुवर्षं ती तिथे धूळ खात, हळू आवाजात टीव्ही ऐकवत बसलेली. आणि आता तीन आठवडे रोज संध्याकाळी धाकटा कामावरून आला, की हातपाय धुवायच्या आधी तिच्यावर रेडिओ लावायचा. मोठ्याने. इतक्या मोठ्याने, की स्वयंपाकघरात ओट्यावरचं झाकण थरथरावं. बातम्या, शेतमालाचे भाव, हवामान, जे लागेल ते.

थोरली दातओठ खात ऐकून घ्यायची. ऐकून म्हणजे काय, सोसून. दिवसभर कान ताणल्यावर घरी आली की ती ऐकायचं बंदच करायची. वाण्याने दुकानाची फळी ओढावी तसं. तिला वाटायचं, सूड घेतोय. तोंडाने बोलत नाही, तर हे असं. आपणच त्याच्या पोटावर पाय देतोय हे कळत असल्यामुळे 'आवाज कमी करा' म्हणायचीही सोय नव्हती, आणि त्यामुळे ती आणखीच धुमसायची.

शुक्रवारी संध्याकाळी तिचा बांध फुटला. ती कांदा चिरत होती, बाहेर बातम्या कडाडत होत्या, आणि डोक्यात उद्याची खेप. सुरी आदळून ती बाहेर गेली. धाकटा तिथे नव्हता. मोरीत पाण्याचा आवाज येत होता. ती तरातरा फळीपाशी गेली, आणि आवाजाचं बटन शोधता शोधता, तिच्याही नकळत, तिने खोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. इतक्या वर्षांची सवय. डॉक्टर लग्नघरात गेला तरी माणसाची जीभ बघतो, त्यातला प्रकार.

टक. आखूड, घट्ट, जागच्या जागी विरलेला आवाज.

तिचा हात तसाच राहिला. तिने पुन्हा ठोकलं. टक. हा आवाज तिने कालच ऐकला होता. परवाही. नापास केलेल्या प्रत्येक खोक्यावर ठोकताना हाच ऐकला होता.

बातम्या देणारा पुरुष पुराच्या पाण्याविषयी काही सांगत होता. थोरलीने तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते ऐकलं, म्हणजे खरोखर ऐकलं. शब्द नाही, आवाज. माणसाची छाती होती त्यात, पण घुमत नव्हती. अक्षराला अक्षर चिकटत नव्हतं. त्याने मध्येच श्वास घेतला तोही कळला. ही जोडी काळ्या पडद्याआड ठेवली असती तर तिने चिठ्ठीवर काय लिहिलं असतं? लिहिलं असतं, 'कोरडा. पोट नाही.'

आणि ही तर नमुन्याची सख्खी बहीण. एकाच आठवड्यातली, एकाच हाताची.

मग कपाटातल्या जोडीला पोट सुटलं कधी?

 ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि उरलेला कांदा चिरला. जाडाभरडा. धाकटीने त्याकडे एकदा पाहिलं.

शनिवारी सकाळी ती दीड तास आधी निघाली. बाजाराच्या मोठ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेले दोन्ही स्पीकर. पिशवीचा बंद हातात रुतत होता, आणि वाटेत तिने तीन वेळा ठरवलं की परत फिरावं. तिचं काही चुकलं नसेलही. घरची जोडी म्हातारी झाली असेल, रेडिओचा दोष असेल, कांद्याने डोकं भणभणलं असेल. एक मन म्हणत होतं, कपाट उघडून काही सिद्ध करायलाच हवं का? बाहेरचे खोके येतील, ते नमुन्याबरहुकूम डबडे असतील, पास होतील, तुझा कान तसाच राहील. धाकट्याला कुठेतरी काम मिळेल. या शेवटच्या वाक्याशी आली की ती झपाझपा चालायला लागायची.

कारखान्यात फक्त पॅकिंगवाली बाई आली होती. थोरलीने तिला पडद्यामागे उभं केलं. टेबलावर तीन जोड्या: नमुना, घरची, आणि धाकट्याच्या आजच्या खेपेतली एक. "तुला हव्या त्या क्रमाने लाव," थोरली म्हणाली. "मला सांगू नकोस. बारा वेळा बदल, आणि कागदावर लिहून ठेव."

"चुकलं तर ओरडणार नाही ना?"

"तुझं काही चुकणार नाही. चुकायचं ते माझंच."

ती खुर्चीत बसली. नेहमीची तबकडी लागली: कुणी एक पुरुष एकेक आकडा सावकाश म्हणतोय, मोठ्या तंतुवाद्याची जाड तार, कपात फिरणारा चमचा. थोरली डोळे मिटून ऐकत होती. बारा वेळा ऐकून झाल्यावर दोघींनी कागद ताडून पाहिले. घरची आणि आजची यांत थोरलीला एकदाही फरक सांगता आला नव्हता. तिसरी, म्हणजे नमुन्याची, मात्र तिने प्रत्येक वेळी अचूक वेगळी काढली होती. ती घुमत होती. तार छेडल्यावर इतर जोड्यांत तार थांबत होती. या जोडीत ती रेंगाळत होती.

ती पडद्यामागे गेली आणि नमुन्याच्या रबरी कडेवर बोट ठेवलं. अकरा वर्षांत दाबून कधी पाहिलंच नव्हतं. पुसलं फक्त होतं. बोट आत गेलं. मऊ, लिबलिबीत. उचललं तर बोटाला काळा चिकटा आला. शेजारी घरची जोडी, धुळीने माखलेली, कुणी कधी न पुसलेली. तिची कड ताठ होती.

"अगं बाई," पॅकिंगवाली म्हणाली, "हे रबर तर पाघळलंय. कशानं?"

थोरलीने कपाटाकडे पाहिलं. पॉलिशची बाटली कपाटात वरच्या कप्प्यात होती, अर्धी संपलेली.

अकरा वाजता मालक आला. हातात बाहेरच्या कारखान्याचा कागद. मागोमाग धाकटा येऊन दाराशी उभा राहिला, ॲप्रनला भुसा लागलेला, डोळे जमिनीकडे. मालक माणूस वाईट नव्हता. वाईट बातमी सांगायची असली की तो चष्मा पुसायचा, आणि आता तो चष्मा पुसत होता.

"बोला बाई. पास का परत?"

"पास," थोरली म्हणाली. "सगळ्या जोड्या पास. याच्या आधीच्या तिन्ही खेपाही पास. परत करायचा तो नमुना."

मालकाचं फडकं थांबलं. थोरलीने बोट पुढे केलं, काळं. मग तिने सगळं सांगितलं, घाईघाईने, मध्ये कुणी बोलू नये अशा बेताने. पॉलिश. रबर. मऊ पडलेली कड. "नमुना दिवसेंदिवस सैल होत गेला आणि मी तुमचे स्पीकर त्याच्याशी जुळवत बसले. चांगल्याला नापास केलं."

"म्हणजे याचे खोके ठीक आहेत?"

"उत्तम आहेत."

मालकाने कागदाची घडी घातली. इथे थांबता आलं असतं. धाकट्याची नोकरी वाचली होती, मालकाच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव होते, आणि कुणी पुढचं विचारलंही नव्हतं. 

"अजून आहे," ती म्हणाली. "पाच महिन्यांपूर्वी मी यांना आडवी पट्टी काढायला लावली. यांची इच्छा नव्हती. त्या जोड्या मी पास केल्या. चारशे दहा. त्या बाजारात आहेत आणि त्या घुमतात. त्या दुकानदाराचं बरोबर होतं. दोष त्याच्या खोलीचा नव्हता, या खोलीचा होता."

  मालकाने चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हात पुढे केला. तिला वाटलं, बोट बघायला मागतोय. तो किल्ली मागत होता.

"जोड्या परत मागवाव्या लागतील," तो म्हणाला. "पट्ट्या कोण मारणार?"

"मी मारेन. हे शिकवतील."

"आणि ही खोली?"

"तुम्ही ठरवा," असं म्हणून तिने किल्ली दिली. देताना बोटाचा काळा डाग किल्लीलाही लागला, आणि तिला वेड्यासारखं वाटलं, की ती पुसून द्यावी.

संध्याकाळी दोघं एकत्रच घरी निघाले. पिशवीचा बंद सकाळीच तुटला होता, म्हणून एक स्पीकर त्याच्या बगलेत, एक तिच्या. वाटेत धाकटा एवढंच म्हणाला, "पट्टीला सरस लावला की लगेच दाबायचं नाही. जरा धरू द्यायचा." तिने मान हलवली. किल्लीविना पर्स हलकी लागत होती आणि सारखा हात तिकडे जात होता. कान म्हणून आता कुणी हाक मारणार नाही, हे तिला कोपऱ्यावर वळताना एकदम जाणवलं.

घरी त्याने स्पीकर जागच्या जागी ठेवले, उडालेला कोपरा भिंतीकडे करून. थोरली तारा जोडायला वाकली. स्वयंपाकघराच्या दारात धाकटी येऊन उभी राहिली आणि तीन आठवड्यांनंतर पहिल्यांदा बोलली.

"ताई, आज तरी आवाज कमी ठेवायला सांगा हो यांना. कान किटले माझे."

"मग तूच सांगायचंस की इतके दिवस."

"सांगितलं नाही असं वाटतं का? रोज सांगत होते." धाकटीने नवऱ्याकडे हात केला. "तर म्हणे, वहिनीला ऐकू जाईपर्यंत राहू दे."

थोरली वाकलेली होती तशीच राहिली. मग सावकाश सरळ झाली. धाकटा खोक्यावरची धूळ अंगठ्याने काढत होता, जणू त्या घरात दुसरं कामच उरलं नव्हतं.

"भावजी, तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता," तो म्हणाला. "नापास जोडी एकदा घरी आणून या जोडीशेजारी लावली. तुम्ही बाजारात गेला होता तेव्हा."

"मग बोलला का नाहीत? नोकरी गेली असती आज!"

धाकट्याने विचार केला. त्याच्या दिवसाच्या दहा वाक्यांतली किती उरली होती कोण जाणे. "मी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, स्वतःच्या खोक्याची बाजू घेतोय," तो म्हणाला. "आणि मालकाला सांगितलं असतं, तर त्याने तुम्हाला खोटं ठरवलं असतं. तुम्ही खोटं कधी लिहिलं नाहीत वहिनी. म्हटलं, ऐकलं की तुमचं तुम्हालाच कळेल. कळलं."

आज मालकासमोर बोट पुढे करताना तिला लाज वाटली होती. पण आत्ता जी वाटली तिच्यापुढे ती काहीच नव्हती. तीन आठवडे हा माणूस रोज तिला हाक मारत होता आणि ती त्याला सूड समजत होती. तिने पदराने डोळे पुसले, काळं बोट गालाला लागलं, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

मग तिने रेडिओ लावला आणि बटन फिरवत फिरवत तो रोज ठेवायचा तिथवर नेलं. ओट्यावरचं झाकण थरथरू लागलं.

"अहो ताई, कमी करा की!" धाकटी आतून ओरडली.

"आजच्या दिवस राहू दे गं," थोरली म्हणाली, आणि खुर्ची ओढून समोर बसली.